सकाळचे फोटो, संध्याकाळचा पडदा

तुमचा प्रश्न असा: सकाळी लग्न, संध्याकाळी रिसेप्शन, मधे तीन तास. घरच्यांनी विचारलंय की सकाळचे फोटो संध्याकाळी हॉलमध्ये स्लाइड शो करून दाखवता येतील का. फोटो काढायला तुम्ही एकटे आणि हाताशी एक मदतनीस. एवढ्या वेळात किती फोटो घ्यायचे, किती एडिट करायचे आणि दाखवायचे कशावर?

आधी थोडक्यात सांगते. जरूर करा. पन्नास ते साठ फोटो, चार-साडेचार मिनिटं, एकेका फोटोवर वेगळं एडिटिंग नाही, शेवटी एकच व्हिडिओ फाइल. निवड कॅमेऱ्यातच करायची, लग्न चालू असतानाच. तीन तासांपैकी लॅपटॉपसमोर बसायला पाऊण तास मिळेल असं धरून चाला. आणि मूळ कामाला, म्हणजे लग्नाचे फोटो काढण्याला, धक्का लागणार असेल तर नाही म्हणा. नाही म्हणतानाही काहीतरी देता येतं, ते पुढे सांगते.

पण या सगळ्याच्या आधी एक गोष्ट मनाशी पक्की करायला हवी: हा स्लाइड शो कोणासाठी आहे? मी हे काम पंधराएक वर्षं करतेय. पहिल्याच वर्षी मी एका रिसेप्शनला १८० फोटो दाखवले. प्रत्येकी पाच सेकंद, म्हणजे पंधरा मिनिटं. पाचव्या मिनिटाला लोक आपसांत बोलायला लागले आणि दहाव्या मिनिटाला पडद्याकडे नवरी आणि तिची आई एवढ्या दोघीच बघत होत्या. त्या रात्री घरी जाऊन मी ते १८० फोटो पुन्हा पाहिले. सत्तरएक फोटो नुसत्या जोडप्याचे किंवा अंगठ्या, बूट, फुलं, दागिने यांचे होते. फोटो म्हणून चांगले होते, पण हॉलमध्ये बसलेली माणसं त्यात फारशी नव्हतीच.

तेव्हापासून माझा हिशेब ठरलेला आहे. जोडप्याला त्यांचा अल्बम मिळणारच आहे, आयुष्यभर पाहायला. स्लाइड शो हॉलमधल्या माणसांचा. त्यातले काहीजण सकाळी लग्नाला आलेलेच नसतात, काहीजण लांब मागच्या रांगेत होते, काहीजण व्यवस्थेच्या धावपळीत होते आणि ज्या क्षणासाठी सगळं केलं तो क्षणच त्यांच्या नजरेतून निसटलेला असतो. या माणसांना संध्याकाळी सकाळ परत द्यायची आहे. किती फोटो, कोणते, किती उजळ, कधी दाखवायचे, या सगळ्याची उत्तरं मला या एका गोष्टीतून मिळत गेली.

आता वेळेचं. तीन तास कागदावर असतात. मुख्य विधी संपल्यावर ग्रुप फोटो सुरू होतात, मग जोडप्याचे वेगळे फोटो, मग एका जागेहून दुसऱ्या जागी जाणं, मग रिसेप्शनच्या हॉलची सजावट लोक आत यायच्या आधी टिपणं. स्वतः दोन घास खाणंही त्यातच आलं. उरतात चाळीस-पंचेचाळीस मिनिटं, तीही सलग नाहीत. या वेळात आठशे फोटो उघडून त्यातून साठ निवडायला बसलात तर निवडतानाच वेळ संपेल. म्हणून निवडीचं काम लॅपटॉपवर शिल्लक राहताच कामा नये.

कॅमेऱ्यात फोटो लॉक करायची सोय असते, किल्लीच्या खुणेचं बटण किंवा मेनूतला पर्याय. बऱ्याच कॅमेऱ्यांत तारे देण्याचीही सोय असते. विधींमध्ये दोन-तीन मिनिटांचे मोकळे तुकडे मिळतातच: कोणी भाषण करतंय, कोणाची वाट पाहिली जातेय, तुम्ही गाडीत मागे बसला आहात. तेवढ्या वेळात मागे जाऊन नुकत्याच काढलेल्या तुकडीतला एखाद-दुसरा फोटो लॉक करायचा. त्या तुकडीतला सर्वोत्तम कोणता हे शोधायचं नाही, चालेल असा एक बस्स. विधी संपेपर्यंत शंभरएक फोटो लॉक झालेले असतात. फोटो मेकॅनिकसारख्या सॉफ्टवेअरमध्ये कार्डावरून फक्त लॉक केलेले फोटो उतरवून घेता येतात. म्हणजे लॅपटॉप उघडता तेव्हा समोर आठशेऐवजी शंभर असतात, आणि शंभरातून साठ निवडणं हे दहा मिनिटांचं काम आहे. एक इशारा: दोन कार्डांच्या कॅमेऱ्यात लॉकची खूण दोन्ही कार्डांवर बसते की एकाच, हे कॅमेऱ्यागणिक वेगळं असतं. घरी आधी करून बघा. आणि लॉक केलेला फोटो 'डिलीट ऑल'ला दाद देत नसला तरी कार्ड फॉरमॅट केलं की तोही जातो, हे मदतनिसाला नीट सांगून ठेवा.

फाइलींची मांडणी कशी ठेवायची यावर मतभेद आहेत. मी पहिल्या कार्डावर रॉ (प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) आणि दुसऱ्यावर जेपेग (कॅमेऱ्यानेच तयार करून दिलेला फोटो) ठेवते आणि स्लाइड शोसाठी जेपेगच वापरते. कारण साधं आहे. पडदा फुल एचडी असला तरी तो १९२० गुणिले १०८०, म्हणजे जेमतेम दोन मेगापिक्सेलचा. २४ मेगापिक्सेलच्या फोटोतला बाराव्या हिश्शाइतकाच तपशील तिथे पोचतो. रॉवर प्रक्रिया करून जो फायदा मिळतो त्यातला बराचसा त्या पडद्यावर दिसतच नाही, आणि वेळ मात्र पूर्ण जातो. आठशे रॉ फाइली प्रत्येकी २८ एमबी धरल्या तर २२ जीबी होतात. सेकंदाला ९० एमबी वाचणाऱ्या कार्ड रीडरला त्यासाठी चार मिनिटं लागतात, आणि त्यानंतर त्यांचे प्रीव्ह्यू तयार होण्याची वाट पाहावी लागते ती वेगळीच. शंभर जेपेग दहा-बारा सेकंदांत उतरतात.

काहीजण सुचवतात की दुसऱ्या कार्डावर जेपेग लहान आकाराचा ठेवावा. मी मोठाच ठेवते. तेच कार्ड माझा बॅकअप असतं, आणि रॉचं कार्ड दगा देऊन गेलं तर हातात छापता येण्याजोगं काहीतरी हवं. फक्त लॉक केलेले फोटोच उतरवायचे असल्यामुळे लहान आकाराने वेळ काही वाचत नाही. दोन्ही कार्डांवर रॉच हवं असं तुमचं धोरण असेल तर तेही चांगलंच आहे. रॉ फाइलीच्या आत कॅमेऱ्याने बनवलेला जेपेग असतो, फोटो मेकॅनिक तोच दाखवतं आणि लाइटरूम क्लासिक या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्येही आयात करताना तोच वापरण्याचा पर्याय आहे. त्यामुळे निवड झपाट्याने होते.

जेपेग वापरायचा तर कॅमेरा सकाळीच तसा लावलेला पाहिजे. कलर स्पेस, म्हणजे फोटोत रंग नोंदवायची पद्धत, एसआरजीबी. अडोबी आरजीबी या दुसऱ्या पद्धतीत काढलेला जेपेग हॉलच्या कॉम्प्युटरवर बहुधा फिका, मेलेल्या रंगांचा दिसतो आणि ते नेमकं पडदा चालू झाल्यावर कळतं. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कुठल्याही उजेडात पांढरा पांढराच दिसावा यासाठीची सेटिंग, ऑटोवर सोडू नका. एकाच खोलीत एक फोटो पिवळा आणि पुढचा निळा आला तर ते एकेक दुरुस्त करायला वेळ नाही. खोली बदलली की केल्व्हिनचा (उजेडाचा रंग मोजायच्या एककाचा) आकडा बदलायचा, एवढी शिस्त पुरते. कॅमेऱ्यातलं पिक्चर प्रोफाइल थोडं कमी कॉन्ट्रास्टचं, म्हणजे उजळ आणि गडद भागांत कमी फरक असलेलं, ठेवा. तसं का, ते पडद्याच्या ठिकाणी सांगते.

दोन कॅमेरे किंवा दोन माणसं असतील तर सगळी घड्याळं सकाळी सेकंदापर्यंत जुळवा. हे राहिलं तर नवरी पायऱ्या उतरण्याआधीच खाली पोचलेली दिसते, आणि फोटो वेळेप्रमाणे लावताना सगळा घोळ होतो. राहिलंच, तर दोन्ही कॅमेऱ्यांनी एकाच मोबाइलच्या घड्याळाचा फोटो काढून ठेवा. नंतर सॉफ्टवेअरमध्ये एका कॅमेऱ्याच्या सगळ्या फोटोंची वेळ तेवढी मागेपुढे करता येते.

लॅपटॉपवरचं एडिटिंग मी तीन गोष्टींपुरतं ठेवते. एका खोलीतला एक फोटो नीट करायचा, त्याची सेटिंग त्या खोलीतल्या सगळ्या फोटोंना सिंक करायची, म्हणजे एकदम लावायची. खूप वाकडा असेल तर सरळ करायचा. कडेला कोणाचा अर्धा हात आला असेल तर कापायचा. चेहऱ्यावरचे डाग काढणं, पार्श्वभूमीतली वायर पुसणं, हे आज नाही. पडद्यावर चार सेकंद दिसणाऱ्या फोटोत ते कोणाला दिसत नाही, आणि अल्बममध्ये ते तुम्ही करणारच आहात. काळे-पांढरे फोटो तीन-चारच ठेवा. घाईत बिघडलेला रंग झाकायला म्हणून फोटो काळा-पांढरा करण्याचा मोह फार होतो.

निवडीवर मी सगळ्यात जास्त विचार खर्च करते, तेव्हा तिथे जरा थांबते. लग्नाच्या आधीच्या भेटीत घरच्यांकडून एक यादी घ्या: दोन्हीकडची कोणती माणसं त्यांना फार जवळची आहेत, कोण लांबून येणार आहे, कोण आजारी आहे, कोणाशी कोणाचं बोलणं नाही. स्लाइड शोचा पहिला कच्चा क्रम लावला की ही यादी शेजारी ठेवून बघा. एका बाजूच्या माणसांचे तीस फोटो आणि दुसऱ्या बाजूचे आठ, असं नकळत होतं, कारण सकाळी आपण नवरीच्या खोलीत दीड तास घालवलेला असतो आणि नवऱ्याकडे वीस मिनिटं. प्रेक्षकांत दोन कुटुंबं शेजारी शेजारी बसलेली असतात. त्यांना तो फरक लगेच कळतो आणि तो फोटोग्राफरचा नाही, यजमानांचा समजला जातो.

ओळखीचा चेहरा दिसला की माणूस शेजाऱ्याला कोपराने ढोसतो. पडद्यावरून मिळणारा खरा आनंद हाच आहे. म्हणून प्रत्येक तीन-चार फोटोंमागे पाहुण्यांचा एक फोटो असावा: हसणारे मित्र, डोळे पुसणारी मावशी, खुर्चीवर झोपी गेलेलं पोर. जोडप्याच्या फोटोंमध्येही मागे माणसं दिसत असतील असे निवडते. बारीकसारीक वस्तूंचे फोटो दोन किंवा तीन, तेही श्वास घ्यायला जागा म्हणून. ग्रुप फोटो शक्यतो नाहीत. चाळीस चेहरे चार सेकंदांत कोणी वाचू शकत नाही, आणि मग "मी कुठे होते?" असा प्रश्न उरतो. आठ-दहा जणांचा, हसताना पकडलेला ग्रुप मात्र छान चालतो.

काय वगळायचं हे जास्त महत्त्वाचं. खाताना उघडं तोंड, अर्धे मिटलेले डोळे, कोणाच्याही शरीराची थट्टा होईल असा कोन, हे सरळ बाहेर. तयार होतानाचे फोटो नवरीला स्वतःला विचारल्याशिवाय दाखवू नका, कितीही सोज्वळ वाटले तरी. ते फोटो काढायची परवानगी तिने तुम्हाला दिली होती, दोनशे माणसांना नाही. रडण्याचे फोटो दोन प्रकारचे असतात. आनंदाने भरून आलेले डोळे हॉललाही भरून आणतात. पण कोणी कोलमडून रडत असेल, गेलेल्या माणसाच्या आठवणीने, तर तो फोटो त्यांच्या अल्बममध्ये जाऊ द्या, पडद्यावर नको. एकदा वडील गमावलेल्या एका मुलीचा असा फोटो मी दाखवायच्या यादीतून शेवटच्या क्षणी काढला. पुढे अल्बम देताना तिने तोच फोटो बघून बराच वेळ हातात धरला. तिथे तो योग्य होता.

लहान मुलांच्या बाबतीत आईवडिलांना विचारून घ्या. पडद्यावर आलेलं सगळं पुढच्या मिनिटाला पाहुण्यांच्या मोबाइलमध्ये असतं.

क्रम साधारण वेळेप्रमाणेच ठेवते, कारण सकाळी नसलेल्यांना गोष्ट कळली पाहिजे. दोनच अपवाद. पहिला फोटो असा हवा की बोलणारा माणूस बोलणं थांबवून मान वळवेल, मग तो दिवसाच्या मधला असला तरी चालेल. आणि शेवटचा फोटो शक्य तितका ताजा, आत्ताच्या हॉलमधला. दाराशी जोडप्याचं स्वागत होतानाचा फोटो पंधरा मिनिटांत पडद्यावर दिसला की लोक थक्क होतात. त्यासाठी व्हिडिओच्या शेवटी एका फोटोची जागा राखून ठेवा आणि तेवढी एक फाइल बदलून पुन्हा एक्सपोर्ट करा. वेळ नसेल तर हा हट्ट सोडून द्या.

स्लाइड शो हा शब्दच खऱ्या स्लाइडींच्या, म्हणजे चौकटीत बसवलेल्या फिल्मच्या तुकड्यांच्या, काळातला आहे. कोडॅकचा कॅरोसेल प्रोजेक्टर १९६१ साली आला आणि २००४ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. त्याच्या नेहमीच्या गोल ट्रेमध्ये ८० स्लाइड बसत. फिल्म धुऊन स्लाइड हातात येईपर्यंत लग्नाचा दिवस कधीच मावळलेला असे, पण त्या ट्रेमुळे एक मर्यादा आपोआप पाळली जायची. आज मेमरीला तळ नाही, म्हणून ती मर्यादा आपल्यालाच घालून घ्यावी लागते. साठ फोटो, प्रत्येकी चार सेकंद, बरोबर चार मिनिटं.

फोटो थेट सॉफ्टवेअरमधून चालवण्यापेक्षा व्हिडिओ फाइल करा. एमपी४ फाइल, एच.२६४ (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत), १९२० गुणिले १०८०. सेकंदाला २० मेगाबिट धरले तरी चार मिनिटांची फाइल ६०० एमबीच्या आसपास होते, आणि ती जवळपास कुठल्याही लॅपटॉपवर किंवा टीव्हीवर चालते. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला असू द्या. त्यात एका फाइलीला ४ जीबीची मर्यादा असते, पण आपली फाइल त्याच्या फार आत आहे, आणि काही टीव्हींना दुसरे फॉरमॅट वाचताच येत नाहीत. नुसते फोटो पेनड्राइव्हवर टाकून टीव्हीला लावले तर उभे फोटो आडवे पडलेले दिसू शकतात. व्हिडिओत तो प्रश्नच उरत नाही.

एका फोटोतून दुसऱ्यात साधं विरघळणं पुरे. फोटो हळूहळू सरकवत मोठा करायची पद्धत, जिला माहितीपट बनवणाऱ्या केन बर्न्स यांच्या नावाने ओळखतात, ती मी टाळते. ती नीट करायची तर प्रत्येक फोटोत चेहरा कुठे आहे हे बघून हालचाल ठरवावी लागते. ते सॉफ्टवेअरवर सोडलं तर कॅमेरा कपाळावरून निघून भिंतीकडे जातो. शिवाय हॉलच्या यंत्रणेवर ती हालचाल अडखळते.

आकारांचं गणित आधी समजून घ्या. रुंदी आणि उंचीचं प्रमाण आपल्या फोटोंचं ३:२ आणि पडद्याचं १६:९. आडवा फोटो पूर्ण उंचीने बसवला तर तो १६२० पिक्सेल रुंद होतो आणि दोन्ही बाजूंना १५०-१५० पिक्सेलच्या काळ्या पट्ट्या राहतात. पूर्ण पडदा भरायचा तर उंचीतले सुमारे १६ टक्के कापावे लागतात, आणि त्यात नेमके डोक्यावरचे केस जातात. मी पट्ट्या राहू देते. उभा फोटो फक्त ७२० पिक्सेल रुंद दिसतो, म्हणून उभे फोटो जोडीने लावा: डावीकडे नवऱ्याची आई, उजवीकडे नवरीची आई, दोघी एकाच क्षणाकडे बघताना. अशा जोड्या सुचू लागल्या की सकाळी फोटो काढतानाच डोकं तसं चालायला लागतं.

आता पडदा. चांगले स्लाइड शो सर्वात जास्त इथेच बिघडतात. हॉलमध्ये प्रोजेक्टर आहे की एलईडी वॉल (बारीक दिव्यांची, स्वतःच उजळणारी भिंत) हे आठवडाभर आधी विचारा, कारण दोघांचे दोष एकमेकांच्या उलट आहेत.

प्रोजेक्टर काळा रंग दाखवू शकत नाही. तो फक्त प्रकाश टाकू शकतो. पडद्याचा काळा म्हणजे हॉलचे दिवे पडद्यावर पडून जो करडा दिसतो तोच. हिशेब करून बघा: ३००० ल्यूमेनचा (ल्यूमेन म्हणजे बाहेर पडणाऱ्या एकूण प्रकाशाचं माप) प्रोजेक्टर, ३ मीटर रुंद पडदा, म्हणजे साधारण ५ चौरस मीटर. पडद्यावर जास्तीत जास्त ६०० लक्स (दर चौरस मीटरवर पडणारे ल्यूमेन) पोचले. हॉलच्या दिव्यांचे १५० लक्स तिथे आधीच पडत असतील तर सर्वात उजळ आणि सर्वात गडद भागातलं प्रमाण पाचास एक इतकंच उरतं. खोक्यावर कॉन्ट्रास्टचा कितीही मोठा आकडा छापलेला असो. काळा सूट, गडद कपडे, केस, संध्याकाळच्या सावल्या, सगळं एकाच करड्या डागात मिसळतं. त्यामुळे प्रोजेक्टरसाठी फोटो लॅपटॉपवर योग्य वाटतो त्यापेक्षा अर्धा-पाऊण स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) उजळ करा, सावल्या उचला आणि उजळ पार्श्वभूमीचे फोटो निवडा. कमी कॉन्ट्रास्टचं प्रोफाइल सकाळी लावायला सांगितलं ते यासाठी, कारण जेपेगमध्ये बुडालेली सावली नंतर फारशी वर येत नाही. निदान पडद्यावरचे दिवे बंद करायची विनंती यजमानांकडून करवून घ्या. १५० चे ३० लक्स झाले तर तेच प्रमाण पाचावरून एकवीसवर जातं. एवढा फायदा दुसऱ्या कशानेच मिळत नाही.

एलईडी वॉल याच्या उलट. ती इतकी प्रखर असते की उजळ केलेला फोटो तिथे लावला तर चेहरे पांढरे पडतात आणि पांढऱ्या कपड्यांची वीणच नाहीशी होते. तिथे फोटो मूळ उजेडातच ठेवा आणि वॉल चालवणाऱ्याला ब्राइटनेस कमी करायला सांगा. तो बहुतेक वेळा मंचावरच्या नावांच्या अक्षरांसाठी वाढवलेला असतो. दुसरं म्हणजे पिक्सेलमधलं अंतर. ३ मिलिमीटर अंतराची, ४ मीटर रुंद वॉल म्हणजे आडवे तेराशेच्या आसपासच पिक्सेल. जवळून ठिपके दिसतात, बारीक जाळीच्या कापडावर लाटा उमटतात. अशा वॉलवर चेहरे जवळून घेतलेले फोटो चालतात, लांबून घेतलेलं दृश्य विरघळून जातं. वॉल उभी किंवा अगदी लांबट असेल तर नेमके पिक्सेल विचारून घ्या आणि व्हिडिओ त्याच आकाराचा करा, नाहीतर ते लोक तुमचा व्हिडिओ ताणून बसवतात आणि सगळी माणसं जाड होतात.

दोन्ही प्रकारांत खरी चाचणी त्या जागेवरच होते. हॉल रिकामा असताना दोन-तीन फोटोंचा नमुना लावा: एक गडद, एक उजळ, एक चेहऱ्याचा. सर्वात मागच्या खुर्चीवर जाऊन बसा. मंचावरची फुलं किंवा केक पडद्याच्या खालच्या भागाआड येत असेल तर ते तिथूनच दिसतं.

एचडीएमआय केबल १० मीटरच्या पुढे गेली की साध्या केबलवर भरवसा ठेवू नका. चित्र लुकलुकतं किंवा येतच नाही. आपल्या लॅपटॉपचा अडॅप्टर आणि चार्जर आपल्याच पिशवीत असू दे. लॅपटॉप झोपी जाण्याची वेळ बंद करा, सगळी नोटिफिकेशन बंद करा, वायफाय बंद करा आणि डेस्कटॉपवर दुसऱ्या कोणाच्या लग्नाचे फोटो दिसत नाहीत ना ते बघा. एकदा एका हॉलमध्ये माझ्यासमोर, दुसऱ्याच कोणाच्या लॅपटॉपवर, स्लाइड शोच्या ऐन मध्यात घरगुती भांडणाचा मेसेज पडद्यावर उमटला. शक्य असेल तर फाइल हॉलच्या यंत्रणेवरून चालवा, आणि आपला लॅपटॉप राखीव म्हणून केबल लावून तयार ठेवा.

संगीताबद्दल थोडंच. आवाज स्पीकरवरून येणार असेल तर साउंड सांभाळणाऱ्याला आधी सांगा, आणि शब्द नसलेलं संगीत घ्या. पडद्यावर चेहरे असताना गाण्याचे शब्द मधे येतात. हॉलमध्ये वाजवण्याचा परवाना आणि नंतर तोच व्हिडिओ इंटरनेटवर टाकण्याचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्हिडिओ ऑनलाइन देणार असाल तर परवाना घेतलेलं संगीतच वापरा.

दाखवायची वेळ तुम्ही ठरवू नका, पण सुचवा. लोक रांगेत उभे असताना, हातात ताट घेऊन जागा शोधत असताना नको. सगळे बसलेत, भाषणं सुरू व्हायची आहेत, ही वेळ उत्तम. जोडपं पडद्याकडे तोंड करून बसलेलं असावं, एवढा आग्रह मात्र धरा. सूत्रसंचालकाने एक वाक्य बोलावं, "हे आज सकाळचे फोटो आहेत," आणि बाजूला व्हावं. एकदा पूर्ण दाखवून झाल्यावर हाच व्हिडिओ आवाज बंद करून, दोन-तीनदा पुन्हा चालू ठेवला तर चालतो. उशिरा आलेल्यांना तो पाहता येतो.

आणि तुम्ही स्वतः लॅपटॉपपाशी थांबू नका. प्ले दाबायचं काम मदतनिसाकडे द्या आणि कॅमेरा घेऊन पडद्याच्या बाजूला, प्रेक्षकांकडे तोंड करून उभे राहा. त्या चार मिनिटांत चेहऱ्यांवर पडद्याचा मऊ उजेड असतो, कोणी कॅमेऱ्याकडे बघत नसतं, आणि माणसं स्वतःला, एकमेकांना बघत असतात. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाबाबतची संवेदनशीलता) ३२०० ते ६४००, भिंगाचं तोंड पूर्ण उघडं, फ्लॅश अजिबात नाही. एका रिसेप्शनला चाकाच्या खुर्चीवरची एक आजी होती. पायऱ्यांमुळे तिला सकाळी विधीच्या जागी नेता आलं नव्हतं. नातवाचा तो क्षण पडद्यावर आला तेव्हा ती खुर्चीतून पुढे वाकली आणि तिने दोन्ही हात जोडले. त्या कुटुंबाच्या अल्बममध्ये शेवटचं पान त्या फोटोचं आहे, आणि तो स्लाइड शो नसता तर तो फोटोही नसता.

आता नाही कधी म्हणायचं. मधला वेळ दीड तासापेक्षा कमी असेल, तुम्ही खरोखर एकटे असाल, किंवा दोन जागांमधला प्रवासच तासाभराचा असेल तर हे काम घेऊ नका. त्याऐवजी सांगा की दहा-बारा तयार फोटो कॅमेऱ्यातून वायफायने काढून संध्याकाळपर्यंत जोडप्याच्या फोनवर पाठवीन. ते स्वतः टॅबलेटवर टेबलाटेबलाने फिरवू शकतात, आणि छोट्या समारंभात तो अनुभव पडद्यापेक्षाही जवळचा होतो. काम घेतलंत तर ते करारात वेगळं लिहा: किती फोटो, किती मिनिटं, पडदा कोण आणणार, यंत्रणा बंद पडली तर जबाबदारी कोणाची. त्याचे पैसेही वेगळे घ्या, कारण ते वेगळं काम आहे. हे फोटो अंतिम नाहीत, अल्बममधले वेगळे दिसतील, हे जोडप्याला आधीच सांगून ठेवा.

शेवटी कार्डांबद्दल. घाईच्या दिवशीच फोटो हरवतात. कार्डावरून फाइली नेहमी कॉपी करा, कट कधीच नाही. कार्ड रीडरमधून काढण्याआधी इजेक्ट करा. रॉची कार्डं दिवसभर लॅपटॉपला लावूच नका, ती वेगळ्या डबीत, अंगावरच्या खिशात. संध्याकाळच्या फोटोंसाठी कोरी कार्डं सकाळीच मोजून घ्या, म्हणजे जुनं कार्ड फॉरमॅट करायचा विचारही मनात येणार नाही. समारंभ संपला की हॉलच्या कॉम्प्युटरवर उतरवलेली व्हिडिओ फाइल पुसून टाका आणि पेनड्राइव्ह परत घ्या. घरी पोचल्यावर दोन वेगळ्या डिस्कवर सगळं उतरवून, त्यातले काही फोटो उघडून पाहिल्याशिवाय एकही कार्ड फॉरमॅट करू नका.